‘पूर्ण’ कोणी लिहायचं?

सध्या एजंट सिस्टिमचा, म्हणजे एआय मॉडेलवर चालणारे अनेक प्रोग्रॅम (एजंट) मिळून एखादं काम करतात त्याचा, विषय निघाला की सगळं बोलणं एकाच बाजूला जातं, मोठं काम तोडायचं कसं, कुठल्या एजंटला काय द्यायचं, त्यांना द्यायची सूचना म्हणजे प्रॉम्प्ट कसा लिहायचा, मॉडेल कुठलं घ्यायचं. पण ते काम संपलं हे कोणी लिहायचं, कधी लिहायचं आणि कशाच्या जोरावर लिहायचं यावर कोणी दहा मिनिटंसुद्धा देत नाही. टेबलमध्ये स्टेटस नावाचा एक कॉलम, त्यात पेंडिंग, चालू, पूर्ण अशा तीन व्हॅल्यू, झालं डिझाइन. मला मात्र रोजच्या कामात हेच दिसतंय की काम वाटताना जितका घोळ होतो त्याहून जास्त ते बंद करताना होतो, आणि तो लगेच दिसत नाही म्हणून निस्तरायला जास्त जड जातो.

आमचा सेटअप तसा साधा आहे. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये एक टास्क टेबल, त्यातून काही एजंट काम उचलतात, कोणी कोड लिहितो, कोणी टेस्ट, कोणी डॉक्युमेंटेशन. एकमेकांना थेट मेसेज पाठवत नाहीत, जे काय कळायचं ते टेबलातूनच कळतं. एक टास्क दुसरीवर अवलंबून असेल तर आधीची संपेपर्यंत ती कोणाला दिसतच नाही. म्हणजे कोणी ‘पूर्ण’ लिहिलं की त्याच क्षणी पुढचं कोणीतरी उठतं आणि कामाला लागतं.

आता समजा टास्क अशी आहे की ग्राहकांच्या टेबलात फोन नंबरचा नवीन कॉलम घालायचा आणि जुना डेटा त्यात भरायचा. एजंट मायग्रेशनची, म्हणजे डेटाबेसची रचना बदलणाऱ्या स्क्रिप्टची, फाइल लिहितो, सेव्ह करतो आणि पूर्ण म्हणून टाकतो. मायग्रेशन चालवलेलंच नाहीये. दुसरा एजंट जागा होतो, कॉलम आहेच असं धरून एपीआय (दुसऱ्या प्रोग्रॅमने तो डेटा मागायचा मार्ग) लिहितो, पूर्ण. तिसरा त्या एपीआयच्या टेस्ट लिहितो, त्याच्याकडे डेटाबेस नाही म्हणून तो मॉक, म्हणजे खोटा डेटाबेस, लावतो, टेस्ट पास, पूर्ण. तीन हिरव्या टिका, आणि डेटाबेसमध्ये तो कॉलम अजून जन्मालाच आलेला नाही! गंमत म्हणजे यात कोणी खोटं बोललेलं नाही, पहिल्याच्या लेखी फाइल लिहिली म्हणजे संपलं, दुसऱ्याच्या लेखी कोड कंपाइल झाला म्हणजे संपलं, तिसऱ्याच्या लेखी टेस्ट हिरवी झाली म्हणजे संपलं, आणि आपल्याला हवं होतं ते या तिघांपैकी कोणालाच कोणी सांगितलं नव्हतं.

हा प्रश्न चॅटबॉट आल्यावर जन्मलेला नाहीये, आणि म्हणूनच मला जुने पेपर वाचायला फार आवडतात, कारण तिथे हे सगळं शांतपणे विचार करून ठेवलेलं सापडतं. १९८० मध्ये रीड स्मिथ यांनी काँट्रॅक्ट नेट प्रोटोकॉल मांडला, त्यात एक मॅनेजर काम जाहीर करतो, बाकीचे बोली लावतात, एकाला काम मिळतं, आणि काम घेणाऱ्याने शेवटी रिपोर्ट द्यायचा असतो. पुढे १९९६ मध्ये फिपा नावाची संस्था सुरू झाली, एजंटांनी एकमेकांशी कुठल्या भाषेत बोलायचं याची स्टँडर्ड्स करायला, त्यांच्या रिक्वेस्ट प्रोटोकॉलमध्ये शेवट तीन प्रकारचे आहेत, जमलं नाही, काम झालं, आणि काम झालं व हा घ्या निकाल. काम झालं आणि निकाल दिला हे दोन वेगळे मेसेज ठेवलेत, हे मला फार शहाणपणाचं वाटतं. आज आपण जे बनवतो त्यात बऱ्याचदा एवढासुद्धा फरक केलेला नसतो.

पण या सगळ्यात माझ्या डोक्यात पक्कं बसलंय ते फिलिप कोहेन आणि हेक्टर लेवेस्क यांचं, १९९० च्या आसपासचं काम. त्यांचा प्रश्न असा होता की दोन जण एकत्र काम करतायत आणि दोन जण नुसते शेजारीशेजारी तेच काम करतायत, यात फरक काय. त्यांचं उदाहरण गाड्यांच्या ताफ्याचं आहे, रस्त्यावर एकामागे एक गाड्या तर नेहमीच्या ट्रॅफिकमध्येही असतात, मग ताफा कशाला म्हणायचं? त्यांचं उत्तर थोडक्यात असं, की एकत्र घेतलेलं काम माझ्यापुरतं संपलं म्हणून मला त्यातून नुसतं बाहेर पडता येत नाही. ते साध्य झालं असं मला कळलं, किंवा ते होणंच शक्य नाही असं कळलं, किंवा आता त्याची गरजच उरली नाही असं कळलं, तर यातलं काहीही असो, माझ्यावर एक नवीन काम येऊन पडतं, हे सगळ्यांना कळेल असं करणं. ते केल्याशिवाय मी मोकळी नाही.

यात दोन गोष्टी आहेत आणि दोन्ही आपल्या तीन व्हॅल्यूंच्या स्टेटस कॉलममध्ये नसतात. एक म्हणजे संपण्याचे प्रकार तीन आहेत, नुसतं ‘पूर्ण’ नाही, तर ‘होऊच शकत नाही’ आणि ‘आता नको’ हेही संपणंच आहे. आणि दुसरं, संपणं आणि कळवणं हे वेगळं धरताच येत नाही, सामायिक काम असेल तर कळवणं हा त्या कामाचाच भाग.

हे नुसतं तत्त्वज्ञान वाटत असेल तर मिलिंद तांबे यांचा १९९७ चा पेपर बघा. तांबे बिट्स पिलानीचे, नंतर अमेरिकेत गेले, तेव्हा सदर्न कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीत होते. लष्कराच्या सिम्युलेशनमध्ये हेलिकॉप्टरचे पायलट म्हणून एजंट उडवायचे, एक अख्खी तुकडी. सुरुवातीला प्रत्येक प्रसंगासाठी हाताने नियम लिहिले होते, अमुक झालं की तमुक करायचं. आणि मग काय काय झालं त्याची यादीच पेपरमध्ये दिलीये. तुकडी एका जागी थांबलीये, एक टेहळणीवाला पुढे जातो, तो टेकडीवर आदळतो, आणि मागचे सगळे त्याच्या मेसेजची वाट बघत तिथेच थांबून राहतात, कायमचे. दुसऱ्या प्रसंगात मोहीम पूर्ण झाली हे तुकडीच्या प्रमुखाला कळतं आणि तो एकटाच तळावर परत जातो, बाकीचे मागे तसेच.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आपल्याच टास्क टेबलात पडून राहिलेल्या ‘चालू’ ओळी आठवल्या, ज्यांचा वर्कर, म्हणजे ते काम उचललेला प्रोग्रॅम, कधीच मेलाय आणि ज्यांच्यावर अवलंबून असलेल्या टास्क मुकाट बसून आहेत. तांबे यांनी मग एकेका प्रसंगासाठी नियम वाढवत बसण्याऐवजी कोहेन आणि लेवेस्क यांची कल्पना एजंटांच्या मुळातच घातली, त्या सिस्टिमचं नाव स्टीम. आणि त्यात एक फार व्यवहारी गोष्ट केली, प्रत्येक वेळी सगळ्यांना सगळं ओरडून सांगणं परवडत नाही, तर कळवण्याचा खर्च किती आणि न कळवल्याचं नुकसान किती हे तोलून एजंटने ठरवायचं. आज टोकनचं, म्हणजे मॉडेलने वाचलेल्या-लिहिलेल्या शब्दतुकड्यांचं, बिल भरणाऱ्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

आता दुसरी बाजू, की एकदा लिहिलेलं ‘पूर्ण’ टिकतं का. बहुतेक लोक धरून चालतात की टिकतं. २००४ चा मॅपरिड्यूसचा पेपर, गूगलच्या जेफ डीन आणि संजय घेमावत यांचा, यात याचं इतकं सुंदर उदाहरण आहे की मी ते नवीन आलेल्या प्रत्येकाला सांगते. मॅपरिड्यूस म्हणजे मोठा डेटा अनेक मशीनवर वाटून हाताळायची पद्धत, मॅप टास्क एकेका तुकड्यावर काम करतात आणि रिड्यूस टास्क त्यांची आउटपुटं एकत्र करतात. तिथे सगळ्यांवर लक्ष ठेवणाऱ्या मास्टरकडे प्रत्येक टास्कच्या तीन अवस्था, रिकामी, चालू, पूर्ण. एखादं मशीन बंद पडलं तर त्यावर चालू असलेल्या टास्क परत रिकाम्या होतात, हे ठीकच. पण त्या मशीनवर पूर्ण झालेल्या मॅप टास्कसुद्धा परत रिकाम्या होतात! कारण मॅपचं आउटपुट त्या मशीनच्या स्वतःच्या डिस्कवर असतं, मशीन गेलं की आउटपुट गेलं, मग पूर्ण म्हणण्याला अर्थ काय राहिला. उलट पूर्ण झालेल्या रिड्यूस टास्क परत करायला लागत नाहीत, त्यांचं आउटपुट सगळ्यांच्या सामायिक फाइल सिस्टिममध्ये पोचलेलं असतं.

म्हणजे पूर्ण आहे की नाही हे मेहनत झाली की नाही यावर ठरत नाही, जे तयार झालंय ते ज्याला लागणार त्याला तिथे जाऊन मिळतंय का यावर ठरतं. आमच्याकडे एजंट स्वतःच्या सँडबॉक्समध्ये, म्हणजे तात्पुरत्या वेगळ्या जागेत, कोड लिहून पूर्ण म्हणायचे आणि सँडबॉक्स थोड्या वेळाने साफ व्हायचा, तेव्हा हेच मॅपवालं प्रकरण होतं. आता नियम असा आहे की शेअर्ड रिपॉझिटरीत (कोडच्या सामायिक साठ्यात) कमिट, म्हणजे बदलाची नोंद, गेल्याशिवाय आणि त्या कमिटचा हॅश (ओळख क्रमांक) टास्कच्या ओळीत लिहिल्याशिवाय ती ओळ पुढे सरकतच नाही.

त्याच पेपरमधली अजून एक गोष्ट म्हणजे बॅकअप टास्क. काम संपत आलं की उरलेल्या हळू चालणाऱ्या टास्क दुसऱ्या मशीनवरही सुरू करायच्या, दोघांपैकी जो आधी संपवेल त्याच्यावर टिक. हे बंद केलं तर त्यांच्या सॉर्टच्या प्रयोगाला ४४ टक्के जास्त वेळ लागला होता. पण मग एकच काम दोघांनी संपवलं तर? मास्टर दुसऱ्यांदा आलेला पूर्णचा मेसेज सरळ सोडून देतो, आणि रिड्यूसचं आउटपुट आधी तात्पुरत्या फाइलमध्ये लिहून शेवटी एका झटक्यात नाव बदललं जातं, त्यामुळे दोघांनी केलं तरी शेवटी एकच फाइल उरते.

क्यू, म्हणजे कामांच्या मेसेजची रांग, वापरणाऱ्यांना हे वेगळ्या कपड्यात माहीत असतं. ॲमेझॉनच्या एसक्यूएस या क्यू सर्व्हिसमध्ये मेसेज उचलला की तो बाकीच्यांपासून लपतो, डीफॉल्ट ३० सेकंद, जास्तीत जास्त १२ तास. काम झालं की तो डिलीट करायचा, तेच तिथलं ‘पूर्ण’. वेळेत डिलीट केला नाही तर तो परत सगळ्यांना दिसायला लागतो. आता एखादा एजंट लांबलचक काम करतोय, वेळ संपली, तेच काम दुसऱ्याने उचललं, आणि तेवढ्यात पहिला उठून म्हणतो की माझं झालं. कोणाचं मानायचं?

आमच्या टेबलात याच्यासाठी प्रयत्न क्रमांक असा एक कॉलम आहे. टास्क उचलली की तो एकने वाढतो आणि उचलणाऱ्याला तो आकडा मिळतो (उचलण्यासाठी पोस्टग्रेसचं स्किप लॉक्ड वापरतो, दुसऱ्याने धरलेली ओळ सोडून पुढची देतं, ९.५ व्हर्जनपासून आहे, दोन एजंट एकाच ओळीवर भांडत नाहीत). संपवताना जो अपडेट मारायचा त्याच्या अटीत टास्कचा आयडी तर असतोच, पण स्टेटस अजून चालू आहे आणि प्रयत्न क्रमांक माझाच आहे हेही असतं. अपडेटने शून्य ओळी बदलल्या की समजायचं आपला हक्क गेलाय, जे केलं ते टाकून द्यायचं आणि शांतपणे पुढची टास्क उचलायची. एवढी एक अट घातली की निम्मी भांडणं मिटतात. उरलेली निम्मी बाहेरच्या जगाची असतात, म्हणजे ईमेल गेला, पैसे कापले गेले, तिथे टेबलातली ओळ परत फिरवून काही होत नाही, तिथे प्रत्येक कृतीला स्वतःची एक की (वेगळा ओळख क्रमांक) द्यायची आणि समोरच्या सर्व्हिसने तीच की दुसऱ्यांदा आली तर परत काम करायचं नाही. याला पर्याय नाही.

इथपर्यंतचं सगळं जुनंच शहाणपण. पण एलएलएमवाल्या, म्हणजे भाषा मॉडेलवर चालणाऱ्या, एजंटांनी एक खरंच नवीन अडचण आणलीये. जुना वर्कर मरायचा, अडकायचा, उशीर करायचा, पण त्याचा कोड नीट असेल तर काम न करता पूर्ण म्हणायचा नाही, ओळीनंतर ओळ चालली तरच तो शेवटच्या ओळीपर्यंत पोचणार. मॉडेल मात्र पोचल्याशिवाय पोचलो म्हणू शकतं, आणि इतक्या व्यवस्थित भाषेत म्हणतं की वाचणाऱ्याला शंका येत नाही. टेस्ट फेल होत होती म्हणून ती स्किप केली आणि खाली लिहिलं सर्व टेस्ट पास. पाच फाइली बदलायच्या होत्या, तीन बदलल्या, शेवटच्या सारांशात पाचही नावं आहेत. मला वाटतं तो सारांश बऱ्याचदा सुरुवातीला केलेल्या प्लॅनवरूनच लिहिला जातो, प्रत्यक्ष काय घडलं ते परत तपासून नाही, आणि काम लांबलं, मधला संदर्भ गाळला गेला, की हे वाढतं. २०२५ मध्ये बर्कलीच्या संशोधकांनी मल्टी-एजंट सिस्टिम का फसतात याचे १४ प्रकार काढून तीन गटांत मांडले, त्यातला एक अख्खा गट पडताळणीचा आहे, वेळेआधीच थांबणं, तपासणी न करणं किंवा अर्धवट करणं, चुकीची तपासणी करणं.

म्हणून माझं मत आता ठाम झालंय की ज्याने काम केलं त्याला ‘पूर्ण’ लिहायचा अधिकारच द्यायचा नाही. डेटाबेसच्या परवानगीच्या पातळीवरच द्यायचा नाही, प्रॉम्प्टमध्ये विनंती करून नाही. त्याने फक्त ‘माझ्या मते झालं’ एवढं लिहायचं आणि सोबत पुरावा जोडायचा, कमिट, कुठली कमांड चालवली, तिचा एक्झिट कोड काय आला (शून्य म्हणजे यशस्वी). पुढची टिक दुसऱ्या कोणीतरी द्यायची. लग्नघरात हेच असतं, हॉलवाल्याला फोन झाला का विचारलं की सगळे हो म्हणतात, पण ज्या मावशींच्या हातात वही असते त्या पावती बघितल्याशिवाय नावापुढे खूण करत नाहीत, आणि त्या मावशी असतात म्हणूनच लग्न वेळेवर लागतं.

तपासणारा कोण असावा? शक्य असेल तिथे मॉडेल नकोच, साधी स्क्रिप्ट. मायग्रेशनच्या टास्कला अट अशी लिहायची की रिकाम्या डेटाबेसवर ते चालवा, मग कॉलम आहे का विचारा, एक्झिट कोड शून्य पाहिजे. ही अट टास्क तयार होते तेव्हाच लिहायची, काम झाल्यावर नाही, कारण काम झाल्यावर लिहिलेली अट जे झालंय त्याच्याच मापाची शिवली जाते. आणि अटीची फाइल काम करणाऱ्या एजंटला बदलता येता कामा नये, नाहीतर टेस्ट स्किप करणारा अट पण स्किप करेल.

जिथे स्क्रिप्टने जमत नाही, म्हणजे डॉक्युमेंटेशन समजण्यासारखं आहे का वगैरे, तिथे दुसरा एजंट लावते, पण त्याला पहिल्याचा सारांश अजिबात द्यायचा नाही. फक्त टास्क, अट आणि तयार झालेली वस्तू. सारांश दिला की तपासणारा त्याच वाटेने चालत जातो आणि त्याच निष्कर्षाला पोचतो, हे मी इतक्या वेळा बघितलंय की आता त्यावर वाद घालत नाही.

एकदा बंद केलेली टास्क परत उघडायची का, यावर लोकांची मतं वेगळी आहेत. गूगलने एप्रिल २०२५ मध्ये एजंटांनी एकमेकांशी बोलायचा ए२ए प्रोटोकॉल आणला, नंतर तो लिनक्स फाउंडेशनकडे गेला, त्यात टास्कच्या अवस्था बऱ्याच नीट विचार करून ठेवल्यात, काम चालू आहे, माणसाकडून माहिती हवीये, पूर्ण, फेल, रद्द, नाकारलं अशा. आणि शेवटच्या अवस्थेत गेलेली टास्क परत सुरू करता येत नाही, बदल हवा असेल तर त्याच संदर्भात नवीन टास्क काढायची. मॅपरिड्यूस मात्र बिनधास्त परत उघडतं. मी ए२एच्या बाजूची आहे. मॅपरिड्यूसमध्ये परत केलेली मॅप टास्क सहसा तेच आउटपुट देते, आणि ज्या रिड्यूसने जुना डेटा अजून वाचलेला नाही त्यांना आता नवीन मशीनकडून वाचा असं सांगितलं जातं, सगळा हिशोब एका मास्टरच्या हातात. आपल्या एजंटने तेच काम परत केलं तर दरवेळी थोडं वेगळं येतं, आणि जुन्या आउटपुटवर कोणी काय काय बांधून ठेवलंय ते आपल्याला धड माहीत नसतं. नवीन टास्क काढली की निदान माग राहतो.

अजून एक छोटी पण चावणारी गोष्ट, सगळ्या टास्क पूर्ण म्हणजे अख्खं काम पूर्ण असं नसतं. एखादा एजंट त्याच क्षणी दोन नवीन उपकामं टाकायच्या बेतात असू शकतो. डाइक्स्ट्रा आणि शोल्टन यांनी १९८० मध्येच यावर उपाय दिला होता, ज्याने ज्याला काम लावलं त्याला पोचपावती मिळेपर्यंत त्याने स्वतः संपलो म्हणायचं नाही, असं करत करत पोचपावत्या मुळापर्यंत परत येतात, आणि मुळाशी हिशोब शून्य झाला की खरंच संपलं. आमच्या टेबलात याचं साधं रूप आहे, मुलं, म्हणजे एका टास्कमधून निघालेली उपकामं, उघडी असतील तर आईची, म्हणजे मूळ टास्कची, ओळ बंद होत नाही, आणि नवीन मुलं टाकणं व स्वतःचं स्टेटस बदलणं हे एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (दोन्ही होतील किंवा एकही नाही) करावं लागतं.

आणि ‘आता नको’ हे विसरू नका. माणसाने मधेच विचार बदलला, फीचरच रद्द झालं, तर आईची ओळ रद्द करून चालत नाही, खालची प्रत्येक चालू टास्क रद्द झाली पाहिजे आणि ती करणाऱ्या एजंटला ते कळलं पाहिजे. आमचे एजंट प्रत्येक टूल कॉलच्या, म्हणजे एखादी कमांड वगैरे चालवायच्या, आधी आपली ओळ एकदा वाचतात, अजून चालू आहे ना, प्रयत्न क्रमांक तोच आहे ना. एका छोट्या क्वेरीचा खर्च, पण रद्द झालेल्या कामावर तासभर टोकन जाळण्यापेक्षा कितीतरी स्वस्त.

तपासणीचा खर्च मात्र खरा आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. प्रत्येक टास्कला दुसरा एजंट लावला तर बिल आणि वेळ दोन्ही वाढतात. म्हणून मी तीन दर्जे केलेत. ज्याच्यावर दुसरं काहीच अवलंबून नाही आणि जे सहज परत करता येतं, तिथे फक्त पुरावा असला की टिक आपोआप. ज्याच्यावर पुढच्या टास्क उभ्या आहेत, तिथे स्क्रिप्ट, आणि ती लिहिता येत नसेल तर वेगळा एजंट. आणि जे बाहेर जातं, ग्राहकाला मेल, प्रॉडक्शनचा डेटा, पैसे, तिथे ती कृती होण्याआधी ओळ ‘माणसासाठी थांबलंय’ मध्ये जाते, जो माणूस हो म्हणतो त्याचं नाव ओळीत लिहिलं जातं, आणि तो सुट्टीवर असेल तर ती ओळ थांबते, एजंट ती पुढे ढकलू शकत नाही.